मदत हवी आहे: घाटावरच्या सीनचा आवाज कसा वाचवू?

नमस्कार मंडळी. दोन मित्रांवर 12 मिनिटांची शॉर्ट फिल्म करतोय, बजेट सगळं मिळून 15 हजार. मोबाईलवरच शूट केलंय. घरातल्या सीनला ट्यूबलाइट लुकलुकत होती, कॅमेऱ्याचं शटर 1/50 सेकंदावर ठेवल्यावर थांबली (आपली वीज 50 हर्ट्झची ना). तो प्रश्न मिटला.

अडलंय ते आवाजापाशी. शेवटचा सीन वाईजवळ मेणवलीच्या घाटावर घेतला. एक जण उद्या नोकरीसाठी गाव सोडणार. दुसरा काही न बोलता त्याच्या सायकलची उतरलेली चेन बसवतो, काळे झालेले हात कृष्णेत धुतो आणि हळूच म्हणतो, "पोचलास की फोन कर." नेमकं तेच वाक्य वाऱ्यात गेलंय! कॉलर माईकला फोमची टोपी होती, तरीही.

लो-कट फिल्टर (खालच्या पट्टीतले आवाज कापणारा) लावून पाहिला. घरघर कमी होते, पण आवाज पोकळ वाटतो. डबिंग करू की पुन्हा शूट? दोघंही पहिल्यांदाच काम करतायत, बंद खोलीत गळ्यातला तो कंप परत येईल असं मला वाटत नाही. केसाळ विंडशील्ड (वारा अडवायला माईकवर चढवतात ते कव्हर) नदीकाठच्या वाऱ्याला पुरतं का? साताऱ्यात किंवा पुण्यात कुणाकडे असेल तर दोन दिवसांसाठी द्याल का? भाडं देईन.