भीमगड : गड, बारापेडे गुहा, म्हादईचा उगम एका दिवसात होईल का?

पायवाट_खानापूर : डिसेंबरात बेळगावहून चौघे निघतोय. कुणी म्हणतं नॅशनल पार्क आहे, तिकीट काढलं की सोडतात. खरं का? आणि गुहेत टॉर्च केवढा लागेल?

रानवाट : नॅशनल पार्क नव्हे, अभयारण्य. डिसेंबर २०११ मध्ये जाहीर झालं, सुमारे १९० चौरस किलोमीटर. गवाळी, कोंगळा, पास्तोली ही गावं आतच आहेत, म्हणून लोकांना वाटतं वाट मोकळी आहे. गाववाल्यांना मोकळी आहे, तुम्हाला नाही. वन्यजीव कायद्याच्या कलम २८ खाली परवाना लागतो. चौघांची नावं, ओळखपत्राच्या प्रती, गाडीचा नंबर, तारीख आणि नेमकी वाट लिहून वनखात्याकडे आधी अर्ज द्या. ओळखीचा गडी घेऊन गुपचूप शिरलात तर तुमच्याबरोबर तोही अडकतो. तुम्ही परत जाता, त्याला तिथंच राहायचं असतं.

वाघूळवेडा : टॉर्च घरीच ठेवा, गुहा यादीतून काढा. बारापेडेत रॉटनचं मुक्तपुच्छ वटवाघूळ राहतं. १९१३ मध्ये इथल्याच नमुन्यांवरून त्याचं शास्त्रीय वर्णन झालं. कित्येक दशकं जगात हे एकच ठिकाण माहीत होतं, मेघालय आणि कंबोडियातल्या नोंदी फार नंतरच्या. छताच्या पोकळ्यांत ती दाटीनं चिकटून बसतात. उजेड पडला की दिवसाढवळ्या उठतात, साठवलेली ताकद उडण्यात जाते, अंगाला बिलगलेलं पिल्लू खाली पडलं तर संपलंच. वरचेवर असं झालं की वस्ती जागा सोडते. 'फ्लॅश मारत नाही, नुसतं बघतो' हेही चालत नाही.

कणकुंबीकर : उगमाचं म्हणाल तर म्हादईचं एक ठरावीक कुंड शोधत बसू नका, रानातले ओहोळ मिळून ती होते. उगमच बघायचा तर जांबोटीवरून कणकुंबीला या, मलप्रभेचं कुंड देवळापाशी आहे, गाडी जाते. गंमत बघा की, म्हादई पश्चिमेला पणजीकडं समुद्राला, आणि शेजारच्याच डोंगरातली मलप्रभा पूर्वेला कूडलसंगमाला कृष्णेत.

गडाला वेगळा दिवस द्या. पोर्तुगीजांवर नजर ठेवायला महाराजांनी बांधलेला, बाजू ताशीव कड्यांच्या. तिथं कड्याची कड गवतात दिसत नाही. वाटेत कारवी दाट, वळणावर अस्वल अचानक समोरासमोर आलं तर हल्ला करू शकतं. म्हणून बोलत चला, चौघं एकत्र, उन्हं कलायच्या आत खाली.

पायवाट_खानापूर : बरं, गुहा रद्द. गड आणि कणकुंबी दोन दिवसांत करतो. जळवांचं काय?

रानवाट : डिसेंबरात त्रास कमी, ओहोळाकाठी असतात. पँट मोज्यात खोचा. चिकटली तर ओढू नका, नखानं कडेनं सरकवून सोडवा.