स्लिम हार्पोमध्ये एवढं काय आहे?

रातकिडा: मंडळी, रोलिंग स्टोन्स ह्या ब्रिटिश रॉक बँडच्या १९६४ च्या पहिल्या अल्बमवर 'आय ॲम अ किंग बी' आहे ना, ते मूळ कोणाचं हे शोधत शोधत स्लिम हार्पो ह्या अमेरिकन ब्लूज गायक-माउथऑर्गनवाल्यापर्यंत पोचलो. १९५७ चं रेकॉर्डिंग. आवाज नाकातला, सर्दी झाल्यासारखा, आणि सगळे वाजवतात असे की कुणालाच कसली घाई नाही. पहिल्यांदा ऐकून बंदच केलं, पण दोन दिवस झाले, डोक्यातून जात नाहीये. काय भानगड आहे ही?

जुनी_तबकडी: लागण झाली तुम्हाला 😄 आता हेडफोन लावा आणि फक्त बेस ऐका, माशी कानाशी घोंघावते तसा घूंऽऽ करत घसरत जातो, आणि हार्पो डंख मार म्हणतो तेव्हा गिटार मोजके सूर टोचून गप्प. बस्स एवढंच. दुसरा कोणी असता तर तिथे लांबलचक सोलो ठोकला असता. हे अमेरिकेतल्या लुइझियानातलं काम, बॅटन रूजकडचे गायक, क्राउली गावात जे. डी. मिलरचा स्टुडिओ, आणि रेकॉर्ड काढायची नॅशव्हिलची एक्सेलो कंपनी. मिलरला आवाजाचं भारी वेड, ड्रमऐवजी पुठ्ठ्याचे खोकेसुद्धा बडवून घ्यायचा, आणि एको असा की बाहेर सगळीकडे पाणी साचलंय असं वाटतं.

माउथऑर्गनवाला: +१. मी वाजवतो म्हणून सांगतो, हार्पोचे तुकडे उचलायला सोपे आहेत, पण तितकं सावकाश वाजवणं जमत नाही, हात आपोआप पळतो. किंग बी च्याच रेकॉर्डची दुसरी बाजू 'आय गॉट लव्ह इफ यू वॉन्ट इट' किंक्स ह्या ब्रिटिश बँडनी उचलली आणि पार सुसाट पळवली, मजा आहे पण मूळातली ती आळसावलेली लाडीगोडी गेली. मूडी ब्लूज ह्या बँडचं नावही हार्पोच्याच एका वाद्यधुनेवरून सुचलं असं काहीजण सांगतात.

कोपऱ्यातला: एवढं नाव होऊन गडी ट्रकचा धंदाही सांभाळायचा. १९६६ ला 'बेबी स्क्रॅच माय बॅक' आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) गाण्यांच्या यादीत एक नंबरला गेलं तरी. आणि १९७० मध्ये युरोप दौऱ्याच्या तोंडावर गेला, तिथली पोरं त्याचीच गाणी वाजवत होती राव. बाकी नुसत्या हार्पोवर थांबू नका, मिलरकडेच गाणारा ब्लूजवाला लाइटनिन स्लिम ऐका, माझ्या मते तो जास्त खोल आहे.

रातकिडा: लाइटनिन स्लिम रात्री. आत्ता 'शेक युअर हिप्स' चालू आहे, आधी हार्पोचं, मग स्टोन्सचं १९७२ चं. त्यांनी ह्यावेळी घाई केलेली नाही, एवढं मलाही कळलं.