हँडल फिरवूनही न पेटणारी विजेरी: दुरुस्ती करावी की सुटे भाग वापरावेत?

प्रश्न (किनाऱ्यावरचा)

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला धडकले, तेव्हा आमच्या वाडीत कित्येक दिवस वीज नव्हती आणि दुकानांतले सेल पहिल्या दोन दिवसांतच संपले होते. त्या अनुभवानंतर भावाने मुंबईहून हँडल फिरवून चालणारी, तीन एलईडींची विजेरी आणून दिली. आई ती रात्री गोठ्यात जाताना वापरत असे. पुढे घरात इन्व्हर्टर आला आणि विजेरी फडताळात राहिली. यंदा पावसाळ्यापूर्वी काढून पाहिली, तर हँडल कितीही फिरवले तरी एलईडी पेटत नाहीत, शिवाय रिकामे जाते फिरवताना खुंटीला जेवढा जोर लागणार नाही तेवढा या लहानशा हँडलला लागतो. मागचे तीन स्क्रू काढून उघडल्यावर आत नायलॉनचे पांढरे गिअर, मोटरसारखा एक गोल भाग, छोटे सर्किट आणि हिरव्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली, बोटाच्या पेरापेक्षा लहान अशी सेलची चळत दिसली. चळतीच्या एका टोकाला पांढरा, भुरभुरीत थर आहे. ही विजेरी दुरुस्त होईल का? होणार नसेल, तर निदान त्या यंत्रणेवर मोबाइल चार्ज करता येईल का?

उत्तर (डाखकाम)

आपण हँडल जड लागत असल्याचे लिहिले, हे फार बरे केले, कारण दोष कुठे आहे याचा सर्वांत चांगला पुरावा तोच आहे. आपल्याला दिसलेला मोटरसारखा गोल भाग म्हणजे जनित्र. जनित्रातून जितका जास्त प्रवाह ओढला जातो, तितका हाताला जास्त विरोध जाणवतो. एलईडी पेटत नाहीत आणि तरीही हँडल जड आहे, याचा अर्थ वीज तयार होते आहे, पण ती मधेच कुठेतरी शॉर्ट होऊन वाया जाते आहे. हिरवी चळत म्हणजे बहुधा निकेल-मेटल हायड्राइडचे तीन बटण सेल असावेत. प्रत्येकी १.२ व्होल्टप्रमाणे ते ३.६ व्होल्ट होतात. असे सेल वर्षानुवर्षे पूर्ण रिकामे पडून राहिले की आतून खराब होतात, आणि आपल्याला दिसलेला पांढरा थर हा त्यांतून झिरपलेल्या अल्कलीचा आहे.

चळतीची लाल वायर सर्किटपासून सोडवा आणि हँडल अगदी सावकाश फिरवा. ते एकदम हलके झाले आणि एलईडी लुकलुकू लागले, तर जनित्र, डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे सर्किटवरचे भाग) आणि एलईडी हे सगळे शाबूत आहेत आणि दोष फक्त सेलमध्ये आहे, असे समजावे. सावकाश फिरवण्याचा आग्रह अशासाठी, की एरवी सेल व्होल्टेजला आवर घालत असतो. तो काढल्यावर जोरात फिरवले तर व्होल्टेज वाढून एलईडी जळू शकतात. वायर सोडवूनही हँडल जडच राहिले, तर मात्र डायोड शॉर्ट झालेले असू शकतात किंवा गिअरमध्ये काही अडकलेले असू शकते. पांढऱ्या थराला उघड्या हाताने स्पर्श करू नये. हातमोजे घालून, व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात भिजवलेल्या कापसाच्या काडीने तो पुसावा आणि मग जागा कोरडी करावी.

सेल बदलताना एक चूक अनेक जण करतात: चपटा असतो म्हणून घड्याळातला किंवा रिमोटमधला सीआर२०३२ सेल बसवतात. तो चार्ज करण्यासाठी नसतोच. त्यात उलटा प्रवाह सोडल्यास तो फुगतो, फुटूही शकतो. आईच्या हातात जाणारी वस्तू आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

उत्तर (पसोड्याजवळ)

निदान पटले, पण सेलच्या जागी पुन्हा सेल घालण्याबद्दल माझे मत वेगळे आहे. वर्षातून दोनदा हातात येणाऱ्या विजेरीत रासायनिक सेल पडून पडून मरतोच, म्हणून माझ्या घरच्या विजेरीत मी सुपरकपॅसिटर, म्हणजे रासायनिक क्रियेशिवाय वीज साठवणारा भाग, बसवला. २.७ व्होल्टचे, १० फॅरडचे (फॅरड हे साठवणक्षमतेचे एकक) दोन नवे आणि एकसारखे कपॅसिटर एकापुढे एक जोडले की ५.४ व्होल्ट सोसणारा ५ फॅरडचा साठा मिळतो. व्होल्टेज त्यापुढे जाऊ नये म्हणून ५.१ व्होल्टचा एक वॉटचा झेनर डायोड (ठरावीक व्होल्टेजपुढे जादा प्रवाह स्वतःतून वळवणारा) समांतर जोडावा आणि एकाच एलईडीला १२० ओहमचा रेझिस्टर द्यावा. दोन-तीन मिनिटे फिरवल्यावर साधारण दहा मिनिटे प्रकाश मिळतो. तो हळूहळू मंद होत जातो, हे खरे, पण हँडल पुन्हा फिरवले की पुन्हा उजळतो. काही आठवडे पडून राहिल्यास साठा उतरतो, मात्र त्यामुळे कपॅसिटर खराब होत नाही. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर हे सगळे भाग सुटे मिळतात.

मोबाइलचा विचार मात्र सोडून द्यावा. ५००० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीत जवळपास १९ वॉट-तास ऊर्जा मावते, आणि एवढ्या लहान जनित्रातून हाताने सातत्याने एक-दोन वॉटच मिळतात. म्हणजे किमान दहा तास हँडल फिरवावे लागेल, आणि त्याआधीच नायलॉनच्या गिअरचे दाते झिजून जातील.

उत्तर (फळा आणि खडू)

दुरुस्ती जमली नाही तर जनित्र कृपया कचऱ्यात टाकू नका. फॅरडे यांनी १८३१ मध्ये शोधलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन, म्हणजे बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे तारेत वीज निर्माण होणे, मी दहावीच्या मुलांना आकृतीवरून वर्षानुवर्षे शिकवले, पण ते त्यांना खऱ्या अर्थाने कळले अशाच एका बंद पडलेल्या विजेरीमुळे. जनित्राच्या दोन वायरी मोकळ्या ठेवून मुलाला हँडल फिरवायला सांगायचे आणि तो फिरवत असतानाच त्या एकमेकींना टेकवायच्या. हँडल त्याच क्षणी जड होते आणि मुलगा दचकून हाताकडे पाहतो. वीज फुकट मिळत नाही, हे त्याला त्याच्या मनगटातून समजते. आपल्या विजेरीतही नेमके हेच घडत होते, फक्त वायरी टेकवण्याचे काम सेल करत होता.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी लाल वायर सोडवली. हँडल लगेच हलके झाले आणि तिन्ही एलईडी लुकलुकले. दारात उभ्या असलेल्या आईलाही ते दिसले. सर्किटवरचा थर लिंबाने पुसून घेतला आहे, तांब्याची एक रेघ थोडी खाल्ली गेली आहे, तिथे बारीक वायरीचा तुकडा डाख देऊन जोडणार आहे. पुढच्या आठवड्यात भाऊ मुंबईहून येणार आहे, त्याला लॅमिंग्टन रोडवरून दोन कपॅसिटर, झेनर आणि रेझिस्टर आणायला सांगितले आहे.