टाऊन हॉलची मोठी वटवाघळं आणि पन्हाळ्याची छोटी, एकाच घराण्यातली का?

शाहूपुरीकर:
कोल्हापुरात टाऊन हॉलच्या बागेत झाडांना लटकलेली मोठी वटवाघळं सगळ्यांनीच बघितली असतील, आणि पन्हाळ्यावर अंधाऱ्या जुन्या इमारतीत गेलं की डोक्यावरनं सर्रकन जातात ती एवढीएवढीशी. मोठी डोळ्यानं बघून आणि वासावर फळं शोधतात, छोटी आवाज सोडून किडे धरतात, तोंडं पण लै वेगळी. मग ही दोन वेगळ्या प्राण्यांपासून आलीत का? एक मित्र म्हणतोय मोठी माकडाच्या जवळची आहेत. खरं काय?

जीवशास्त्रवाली:
दादा, मित्राचं अगदीच हवेतलं नाही. 1986 साली पेटिग्रू नावाच्या शास्त्रज्ञानं हेच मांडलेलं, कारण मोठ्या वटवाघळांत डोळ्यापासून मेंदूकडं जाणाऱ्या नसांची जोडणी माकडांसारखी दिसली. पण पुढं डीएनए तपासला तेव्हा ते टिकलं नाही. सगळी वटवाघळं एकाच पूर्वजाची, आणि त्यांचं नातं कुत्रा, घोडा, गाय यांच्या मोठ्या गटाशी, माकड आणि उंदीर दोन्ही लांबचे.
मला खरी भारी वाटते ती पुढची गोष्ट. नाकावर घोड्याच्या नालासारखी पाळ असलेली छोटी वटवाघळं असतात, किडे खाणारी, नाकातनं आवाज सोडणारी, ती डीएनएप्रमाणं बाकीच्या बऱ्याच छोट्यांपेक्षा टाऊन हॉलवाल्यांच्या जवळची निघाली! म्हणजे मोठी-छोटी ही वाटणीच मोडली. आता आवाजानं वाट शोधणं पहिल्या पूर्वजाकडंच होतं आणि फळखाऊंनी ते सोडलं, का दोनदा वेगवेगळं आलं, यावर अजून वाद चालूय.

गुहाभटक्या:
त्यात अजून एक भर, रुसेटस म्हणून गुहेत राहणारं फळखाऊ वटवाघूळ आहे, आपल्याकडं पण असतंय, ते अंधारात जिभेनं टकटक आवाज काढून वाट काढतं. घशातनं नाही, जिभेनं. म्हणजे फळखाऊंतल्या एकानं वेगळाच मार्ग शोधला.
जुना पुरावा म्हणाल तर अमेरिकेत वायोमिंगमध्ये 5 कोटी 20 लाख वर्षांपूर्वीच्या ओनिकोनिक्टेरिस नावाच्या वटवाघळाचं जीवाश्म सापडलं, 2008 ला त्याचं वर्णन छापून आलं, पाचही बोटांना नखं. आताच्यांना अंगठ्याला असतं, फळखाऊंत बहुतेकांना दुसऱ्या बोटाला पण. दुर्बीण असली तर टाऊन हॉलला जाऊन अंगठा बघा, फांदीवर सरकताना तोच आकडा वापरतात.

शाहूपुरीकर:
लै भारी माहिती, दोघांचेही आभार. बेळगावकडं कुठल्या गुहेत दुर्मिळ वटवाघूळ आहे म्हणतात, ते काय?

गुहाभटक्या:
बारापेडे गुहा, तळेवाडीजवळ, खानापूर तालुका. रॉटनचं मुक्तपुच्छ वटवाघूळ, 1913 ला तिथल्याच नमुन्यावरनं नोंदलं आणि कित्येक दशकं जगात फक्त तिथलंच माहीत होतं, नंतर मेघालय आणि कंबोडियात पण मिळालं. पण भावा, असंच उठून जाऊ नका, ती जागा भीमगड अभयारण्यात आहे, वनखात्याची परवानगी लागते. आणि पन्हाळ्यावर पण पिल्लं असताना टॉर्च मारू नका, आई घाबरून उडाली की पोटाला धरलेलं पिल्लू खाली पडतं.