ऑल्टो सॅक्सोफोनवर एफच्या वरचे स्वर कसे काढावेत?

सूरशोधक (सदाशिव पेठ):
गेली तीन वर्षे मी ऑल्टो सॅक्सोफोन शिकतो आहे. खालच्या बी फ्लॅटपासून (वाद्याचा सर्वांत खालचा स्वर) पाम कीजच्या, म्हणजे तळहाताने दाबायच्या कळांच्या, एफपर्यंतचे स्वर बऱ्यापैकी सुरेल लागतात. परंतु त्याच्या वरचा ‘जी’ (G) हा स्वर काढू लागलो की एकतर चिरका आवाज येतो, नाहीतर स्वर एकदम खालच्या सप्तकात कोसळतो. कोणत्या स्वराला कोणत्या कळा दाबाव्यात हे दाखवणाऱ्या तक्त्यांत दिलेली बोटे चार-पाच प्रकारांनी लावून पाहिली. रीड (मुखभागावरची कंप पावणारी वेताची पट्टी) आवळून धरल्याने खालच्या ओठात आतून दात रुततात आणि पंधरा मिनिटांत वाद्य खाली ठेवावे लागते. पूर्वीच्या शिक्षकांनी जोराने फुंकायला सांगितले होते, त्याचा उपयोग झाला नाही. दोष बोटांत आहे, ओठांत की वाद्यात?

खर्जसाधक:
माझ्या मते दोष या तिन्हींत नाही. घसा आणि जीभ अजून या कामाला लागलेली नाहीत. एफच्या वर सॅक्सोफोनच्या नळीचा स्वतःचा अनुनाद क्षीण होत जातो, त्यामुळे रीडने कोणत्या स्वरावर कंप पावायचे हे नळी ठामपणे ठरवू शकत नाही, आणि ती उणीव वादकाच्या मुखपोकळीला भरून काढावी लागते. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील संशोधकांनी २००८ साली वादन चालू असतानाच हे मोजले. निष्णात वादक मुखपोकळीचा अनुनाद हव्या त्या स्वराशी जुळवून घेतात, असे त्यांना आढळले.

रियाज असा करावा. खालच्या बी फ्लॅटची बोटे लावावीत आणि ती मुळीच न हलवता, ओठ न आवळता, केवळ जिभेची मागची बाजू व घसा बदलून वरचे स्वर काढावेत. बी फ्लॅटला षड्ज मानले, तर क्रमाने वरचा षड्ज, पंचम, पुन्हा षड्ज, गंधार आणि पंचम मिळतात. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तोच हा गंधार. स्वर काढण्याआधी तो मनात लख्ख ऐकू आला पाहिजे. गाऊन पाहता आला तर फारच उत्तम. या गंधारापर्यंत स्थिर पोचल्याशिवाय जीच्या मागे लागू नये.

रीडवाला:
वरील मताशी सहमत आहे, तरी वाद्याचा भाग अगदीच सोडू नये. फार मऊ रीड वरच्या स्वरांना दबते, म्हणून दोन क्रमांकाची (क्रमांक जितका मोठा, तितकी रीड कडक) वापरत असाल तर अडीचची लावून पाहा. पुण्याच्या पावसाळ्यात वेताची रीड ओल धरून वाकते. तिचे टोक लाटेसारखे दिसले, तर ती सपाट काचेवर वाळवावी. जीची बोटे मात्र प्रत्येक वाद्यावर थोडी निराळी बसतात, त्यामुळे एकाच तक्त्यावर विसंबू नका.

सूरशोधक:
दोघांचेही मनापासून आभार. महिनाभर पहाटे वेताळ टेकडीवर रोज वीस मिनिटे फक्त बी फ्लॅट धरून बसलो. पहिला पंचम तिसऱ्या दिवशी लागला, गंधारासाठी तीन आठवडे गेले. काल फ्रंट एफवरून (एफ काढण्याच्या दुसऱ्या, पुढच्या कळेवरून) पुढे सरकताना जी दोन श्वास टिकला आणि ओठ दुखला नाही. तो किंचित चढा लागतो आहे. ते जिभेने सावरावे की बोटे बदलावीत?

खर्जसाधक:
आधी जिभेने. मागची बाजू थोडी खाली येऊ द्या. तरीही चढाच राहिला, तरच बोटे बदला.