मारियेची प्रार्थना की मारियेला विनंती?

जेलरोडकर:
सासूबाईंच्या पहिल्या पुण्यस्मरणाचं कार्ड छापायचंय. सासर कॅथलिक, माझं माहेर प्रॉटेस्टंट, म्हणजे कार्ड दोन्हीकडे जाणार. मी लिहिलं, ‘सायंकाळी सहा वाजता राहत्या घरी रोझरी व मारियेची प्रार्थना’. (रोझरी म्हणजे माळेवर म्हणायची प्रार्थना, मारिया किंवा मरीया म्हणजे येशूची आई.) प्रूफ माहेरच्या मामांना दाखवलं. त्यांनी लाल पेनानं ‘मारियेची’ला गोल केला आणि समासात लिहिलं, ‘प्रार्थना देवाची. मरीयेची नव्हे.’ नवरा म्हणतो, आम्ही तिची प्रार्थना करतच नाही, आमच्यासाठी देवाकडे प्रार्थना कर असं तिला सांगतो. बरं, मग हे एका ओळीत मराठीत कसं लिहू? छापखानेवाला उद्या दुपारपर्यंत थांबतो म्हणालाय.

शरणपूरकर:
मामांचं बरोबर आहे. गणपतीची प्रार्थना, विठ्ठलाची प्रार्थना... ‘ची’ लागली की समोरचा देव झाला. बायबलात पहिलं तीमथ्य २:५ वाचा. देव आणि माणूस यांच्यामध्ये मध्यस्थ एकच. आमचं शरणपूर चर्च मिशनरी सोसायटीनं १८५४ साली वसवलेलं, म्हणजे अँग्लिकन, इंग्लंडच्या चर्चच्या वळणाचं. त्यांच्या श्रद्धेच्या एकोणचाळीस कलमांतलं बाविसावं कलम संतांचा धावा करण्याला शास्त्राधार नसलेली पोकळ कल्पना म्हणतं. माझी आजी एवढंच म्हणायची, ‘बाप घरात असताना शेजारणीला कशाला मधे घालायचं?’

वसईचा जावई:
शेजारीण नव्हे हो, आई!

अर्थापत्ती:
‘ची’वर एवढा भार टाकू नका. मारियेनं स्वतः केलेली तीही ‘मारियेची प्रार्थना’च. लूक १:४६ पासून आहे की, ‘माझा जीव प्रभूला थोर मानतो’. त्या अर्थानं मामांनाही हरकत नसावी. दुसरं, प्रार्थना म्हणजे मुळात मागणं. लग्नपत्रिकेत ‘आपली उपस्थिती प्रार्थनीय’ छापतात, तेव्हा यजमान पाहुण्यांची पूजा मांडतो का?

शरणपूरकर:
शब्दाचं मूळ आणि आजचा कानावरचा अर्थ या दोन गोष्टी आहेत. आज नाशकात कुणी ‘वीज मंडळाकडे प्रार्थना केली’ म्हणतं का?

निफाडी:
आमच्याकडे करतात. लाइट रात्री दोनला येते.

वसईचा जावई:
फरक जुन्या लॅटिनमध्ये चोख आहे. लॉरेटोच्या लितानीत, म्हणजे एकानं नाव घ्यायचं आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायचं त्या प्रार्थनेत, देवाला म्हणायचं ‘मिसेरेरे नोबिस’, म्हणजे आम्हांवर दया कर. मारियेची नावं सुरू झाली की लगेच ‘ओरा प्रो नोबिस’, आमच्यासाठी विनंती कर. तिच्याकडे दया मागितलेली नाही. माझ्या सासूबाई म्हणायच्या तेव्हा आम्ही मागून नुसते ‘विनंती कर, विनंती कर’ ओढायचो. एकदा मेव्हणा पेंगत होता, त्यानं देवालाच ‘विनंती कर’ म्हटलं. म्हातारीनं माळ न थांबवता डोळे उघडून असं बघितलं की तो आजतागायत चुकलेला नाही. सांगायचं काय, तर म्हणणाऱ्यांना फरक पक्का ठाऊक असतो. ताई, तुम्ही ‘मारियेला विनंती’ लिहा.

शरणपूरकर:
कागदावर ठीक. कॅथलिकांच्या ट्रेंटच्या परिषदेनं १५६३ साली संतांचा धावा करणं ‘चांगलं आणि उपयुक्त’ ठरवलं, तेही वाचलंय. पण सप्टेंबरात वांद्र्याला मोत माउलीपुढे, म्हणजे माउंट मेरीपुढे, मेणाचे हात, पाय, घरं, बाळं ठेवतात, ती कुठली विनंती? त्याला मराठीत नवस म्हणतात.

गोदाघाट:
मी हिंदू, मधे बोलतोय. वणीच्या देवीला आमच्याकडे साकडं घालतात. पण साकडं थेट देवीलाच, तिनं पुढे कुणाला सांगायचं नसतं. तुम्हाला हवा तो शब्द ‘शब्द टाकणे’. वडिलांची बदली अडली होती तेव्हा आई साहेबांच्या आईला भेटून आली. ‘तुम्ही शब्द टाका’ एवढंच म्हणाली, हातात घरची पेरूची पिशवी. बदली थांबली. साहेबांनाही राग नव्हता, आईनं सांगितलं म्हणाले.

शरणपूरकर:
म्हणजे वशिला! देवाच्या दारात वशिला लागतो, हेच आम्हाला मान्य नाही.

अर्थापत्ती:
वशिल्याला नावं ठेवू नका. अरबी ‘वसीला’, म्हणजे देवाजवळ पोहोचण्याचं साधन. कुराणात याच अर्थानं आलाय. दर्ग्यात जाऊन पीराला मधे घालावं की नाही, यावर मुसलमानांतही हाच वाद आहे. मराठीत येऊन शब्द थेट कारकुनाच्या टेबलाखाली गेला, हे आपलं कर्तृत्व.

निफाडी:
मग ‘रदबदली’ घ्या. मारियेनं काना गावच्या लग्नात तेच केलं. ‘त्यांच्याजवळ द्राक्षारस नाही’ एवढंच मुलाला, येशूला, सांगितलं. (आमच्या तालुक्यात ही वेळ यायची नाही.)

माय मराठी:
वशिला अरबी, रदबदली अरबी. अस्सल मराठी शब्द सापडत नाही का कुणाला?

वसईचा जावई:
मिस्सा, पाद्री हे कुठून आले म्हणता? आमची अर्धी प्रार्थना पोर्तुगीज वाटेनं आली, म्हणून ती मराठी नाही होय?

अर्थापत्ती:
अस्सल हवा तर ‘कैवारी’ आहे. पहिलं योहान २:१ मध्ये ख्रिस्ताला ‘पित्याजवळ आपला कैवारी’ म्हटलंय. तिथे लॅटिन बायबलात ‘अ‍ॅडव्होकातुस’. आणि कॅथलिकांची ‘साल्वे रेजिना’ ही प्रार्थना मारियेला म्हणते ‘अ‍ॅडव्होकाता नोस्त्रा’. शब्द तोच, फक्त स्त्रीलिंगी.

शरणपूरकर:
तेच तर दुखणं आहे. पद एक आणि माणसं दोन.

वसईचा जावई:
कॅथलिकांच्याच दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६४ मध्ये स्पष्ट केलंय की या बिरुदांनी ख्रिस्ताच्या मध्यस्थीत ना भर पडते ना घट होते.

शरणपूरकर:
मग बिरुदं कशाला?

माय मराठी:
कैवारी तरी मराठी कुठे? कन्नड ‘कै’ म्हणजे हात. हात देणारा तो कैवारी.

गोदाघाट:
छे. ‘कैवल्य’शी नातं असणार.

अर्थापत्ती:
कैवल्याचा अर्थ एकटेपणा. एकटेपणातून कैवार घेणारा निघतो का? काहीही.

जेलरोडकर:
माझी ओळ राहिलीच. मामांनी ‘मरीयेसोबत प्रार्थना’ सुचवलं, प्रेषितांची कृत्ये १:१४ मध्ये ती शिष्यांसोबत प्रार्थनेत होती म्हणून. नवरा म्हणाला, मग माळ हातात घेऊन आम्ही तिला काय सांगायचं, शेजारी बस? शेवटी ‘सायंकाळी सहा वाजता रोझरी’ एवढंच ठेवून प्रूफ परत पाठवलं. आता मामांनी ‘पुण्यस्मरण’ला गोल केलाय. म्हणतात, पुण्य कुणाचं? तारण कृपेनं होतं.

निफाडी:
ताई, त्यासाठी वेगळा धागा काढा. इथे कैवारीचं अजून मिटलेलं नाही.