मदत हवी आहे: बिगिनिंग अल्जेब्रा, गृहपाठात ९६ आणि चाचणीत ५८

नमस्कार. जरा सविस्तर लिहितेय, कारण अर्धवट सांगितलं तर सल्लाही अर्धवटच मिळेल.

मी न्यू जर्सीत राहते, वय ४३. सातारा जिल्ह्यातल्या मराठी शाळेतून १९९८ साली दहावी झाले. तेव्हा गणित दीडशे मार्कांचं होतं, बीजगणित ७५ आणि भूमिती ७५. भूमितीने मला तारलं, बीजगणितात जेमतेम निभावलं. पुढे मराठी घेऊन बी. ए. केलं आणि गणिताशी संबंध घरखर्चाच्या वहीपुरता उरला. लग्नानंतर इकडे आले. व्हिसामुळे बरीच वर्षं नोकरी करता आली नाही. आता ग्रीन कार्ड आलंय, मुलं हाताशी आलीत, आणि मला नर्सिंग करायचंय.

माझी आई प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स होती. लसीकरणाच्या दिवशी तो निळा डबा खांद्याला अडकवून वाड्यावस्त्यांवर जायची. सुट्टी असली की मीही तिच्याबरोबर. बाळाच्या मांडीला कापूस लावताना ती त्याच्या आईशी जे बोलत राहायची, ते मला अजून ऐकू येतं. तेव्हापासून हे माझ्या मनात आहे.

आमच्या कम्युनिटी कॉलेजात नर्सिंगला अर्ज करण्याआधी ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी आणि केमिस्ट्री करावी लागते, आणि केमिस्ट्रीला बसायचं तर आधी बीजगणित पार करावं लागतं. प्रवेशाच्या वेळी ॲक्युप्लेसर दिली, म्हणजे कोणत्या वर्गात बसवायचं ते ठरवणारी परीक्षा. एका पेपरात २० प्रश्न, वेळेचं बंधन नाही, गुण २०० ते ३०० या पट्टीवर. आपला कॅल्क्युलेटर नेता येत नाही, ज्या प्रश्नाला लागेल तिथे तो पडद्यावरच येतो. अंकगणित बरं गेलं, बीजगणित नाही. म्हणून बिगिनिंग अल्जेब्राच्या वर्गात घातलं. फी चार क्रेडिटची भरायची, पण ही क्रेडिट पदवीत धरत नाहीत. त्याबद्दल माझी तक्रार नाही, पाया कच्चा आहे हे मला मान्य आहे.

वर्ग मंगळवारी आणि गुरुवारी, संध्याकाळी साडेसहाला. माझ्या एका बाजूला नुकतंच हायस्कूल संपवलेला मुलगा बसतो, दुसऱ्या बाजूला ट्रक चालवणारे पन्नाशीचे गृहस्थ, जे इथून थेट रात्रपाळीला जातात. प्रोफेसर बाई सावकाश आणि मनापासून शिकवतात. पंधरा आठवड्यांपैकी पाच झाले. ऋण संख्या, एका चलाची समीकरणं, असमानता इथवर आलोय. गृहपाठ मायमॅथलॅब या ऑनलाइन प्रणालीवर असतो, तिथे माझी सरासरी ९६ आहे. गेल्या गुरुवारी पहिली चाचणी झाली, तिच्यात ५८ मिळाले. पुढच्या वर्गात जायला सत्राअखेर ७० लागतात.

चुकलेलं एक उदाहरण जसंच्या तसं देते:

५ − ३(क्ष − ४) = २क्ष + ७

चाचणीत मी आधी ५ मधून ३ वजा केले, २ आले. मग २(क्ष − ४) = २क्ष + ७, म्हणजे २क्ष − ८ = २क्ष + ७. दोन्हीकडचे २क्ष गेले, −८ = ७ उरलं. अशा समीकरणाला उकल नसते हे आदल्याच आठवड्यात शिकवलं होतं, म्हणून मी निश्चिंतपणे 'उकल नाही' लिहून पुढे गेले. घरी येऊन पुन्हा केलं. या वेळी ३ ने कंसाला गुणलं, पण शेवटी −१२ लिहिलं आणि उत्तर आलं −१४/५. मुलगी आठवीत आहे, तिलाही यंदा अल्जेब्रा वनच आहे. तिने वहीकडे बघितलं आणि म्हणाली, "आई, मायनस मायनस प्लस." उत्तर २ आहे. मला रडू आलं. हा नियम मला ठाऊक होता. विचारला असता तर झोपेतही सांगितला असता.

दुसरी अडचण भाषेची आहे. सहगुणक म्हटलं की मला चटकन कळतं, कोइफिशंट म्हटलं की क्षणभर अडते. अवयव आणि फॅक्टर, चढ आणि स्लोप, सगळ्यांचं तेच. शाब्दिक उदाहरणांत तर हे फारच जाणवतं. 'फाइव्ह लेस दॅन अ नंबर' वाचलं की हात ५ − क्ष लिहून मोकळा होतो, कारण इंग्रजीत पाच आधी येतो. तेच मनात 'एका संख्येपेक्षा पाचने कमी' असं म्हटलं की संख्या आधी येते आणि क्ष − ५ सरळ कागदावर उतरतं. हे लक्षात आलं तेव्हा बरं वाटलं. पण प्रत्येक वाक्य असं मराठीत आणायला वेळ लागतो आणि चाचणीत शेवटची तीन उदाहरणं कोरी राहिली.

तर विचारायचं ते असं. घरी येणारं गणित परीक्षेत का जातं, आणि त्यावर नेमकं काय करावं? मराठीतून विचार करणं सोडून द्यावं का? नवरा म्हणतो, या सत्रात डब्ल्यू घे (म्हणजे विषय अर्ध्यात सोड, निकालात फक्त 'डब्ल्यू' अशी नोंद होते), जानेवारीत तयारीने पुन्हा बस. फी परत मिळायची मुदत संपलीय. सोडावं की नेटाने पुढे जावं? मोठ्या वयात इथे असे वर्ग केलेल्यांनी जरूर लिहा.

*डॅलसची नर्स*

अगं, मी याच वाटेने आलेय, ३८ व्या वर्षी. एक विचारते, खरं सांग. मायमॅथलॅबवर अडलीस की तू 'हेल्प मी सॉल्व्ह धिस' दाबतेस ना? ते पायरीपायरीने सोडवून दाखवतं, मग तसंच दुसरं उदाहरण देतं, आपण आकडे बदलून उत्तर भरतो आणि बरोबरची खूण येते. त्या ९६ मध्ये तुझे किती आणि त्या बटणाचे किती, हे तुलाही कळत नाही. माझंही अगदी हेच झालं होतं.

मी मग असं केलं. गृहपाठ आधी कागदावर पूर्ण सोडवायचा, तोवर संगणक बंद. नंतर फक्त उत्तरं भरायची. जे चुकेल त्यावर खूण करून ठेवायची आणि तीन दिवसांनी तेच उदाहरण कोऱ्या कागदावर, घड्याळ लावून. त्याच दिवशी पुन्हा केलं तर उपयोग नाही, कारण उत्तर डोळ्यासमोर असतं.

हे पुढे लागतं का, असं वाटेल कधीतरी. लागतं. सलाइन १००० मिली, ८ तासांत द्यायचं, नळी १५ थेंबांना १ मिलीची. मिनिटाला किती थेंब? १००० गुणिले १५ भागिले ४८०, म्हणजे ३१.२५, आपण ३१ धरतो. आता बहुतेक ठिकाणी पंप असतो, पण पंपात आकडा आपणच घालतो.

*निवृत्त शिक्षक, रत्नागिरी*

ताई, मी ३१ वर्षं हायस्कूलला गणित शिकवलं. तुम्ही उदाहरण पायऱ्यांसकट दिलंत हे फार चांगलं केलंत. त्यात दोन निरनिराळ्या चुका आहेत, त्या एकात मिसळू नका.

पहिली क्रमाची. कंचेभागुबेव तुम्हाला पाठ असणार. तिकडे त्यालाच पेमडास म्हणतात. पण ३ आणि कंस यांच्यात गुणाकाराचं चिन्ह लिहिलेलं नसतं, म्हणून तो गुणाकार डोळ्यांना दिसत नाही. दिसतात ते शेजारी शेजारी बसलेले ५ आणि ३. महिनाभर तिथे ठळक टिंब देऊन लिहा: ५ − ३ · (क्ष − ४). हे पोरकट वाटू देऊ नका. मी दहावीच्या हुशार मुलांनाही द्यायला लावत असे.

दुसरी चिन्हाची. वजाबाकीचं चिन्ह त्या ३ ला चिकटवून टाका: ५ + (−३)(क्ष − ४). आता (−३) आणि (−४) समोरासमोर आले, +१२ लपून राहणार नाही. ५ − ३क्ष + १२ = २क्ष + ७, मग १७ − ३क्ष = २क्ष + ७, १० = ५क्ष, क्ष = २. पडताळा घ्या. डावीकडे ५ − ३(−२) = ११, उजवीकडे ४ + ७ = ११. याला अर्धं मिनिट पुरतं.

'उकल नाही' असं उत्तर आलं की पडताळा घ्यायला क्ष ची किंमतच हातात नसते, अशा वेळी एक युक्ती आहे. मूळ डाव्या बाजूत क्ष च्या जागी ० घाला: ५ − ३(−४) = १७. तुमच्या पुढच्या पायरीतल्या डाव्या बाजूत घाला: २(−४) = −८. एका बाजूला नुसतं सरळ रूप दिलं असेल तर तिची किंमत बदलता कामा नये. इथे ती बदलली, म्हणजे चूक याच पायरीत आहे, खाली शोधायला नको.

मराठी मुळीच सोडू नका. समज तुमची मराठीत पक्की आहे, कमी पडतोय तो फक्त इंग्रजी शब्दांचा सराव. वहीच्या पानाला मधोमध रेघ मारा. डावीकडे प्रोफेसरांचा शब्द, उजवीकडे आपला, आणि खाली एक छोटं उदाहरण. ई-बालभारतीवर आठवीचं गणिताचं पुस्तक मराठीत फुकट उतरवता येतं. विस्तार सूत्रे, बैजिक राशींचे अवयव, एकचल समीकरणे हे पाठ तुमच्या अभ्यासक्रमाशी बरेच जुळतील. पाठ आधी मराठीत वाचून वर्गाला जा.

*फायनान्शिअल एडवाली*

मी दुसऱ्या राज्यात एका कॉलेजच्या फायनान्शिअल एड ऑफिसात काम करते. डब्ल्यू घेण्याआधी एवढं पाहा. फॅफ्सातून, म्हणजे केंद्र सरकारच्या शिक्षण-मदतीच्या अर्जातून, मदत घेत असाल तर घेतलेल्या क्रेडिटपैकी साधारण ६७ टक्के पूर्ण करत राहावं लागतं, आणि डब्ल्यू हा 'घेतला पण पूर्ण केला नाही' असा मोजला जातो. सगळेच विषय सोडले आणि सत्राचे ६० टक्के झालेले नसले, तर मिळालेल्या मदतीचा काही भाग परत करावा लागू शकतो. शिवाय पायाभूत विषयांच्या ३० सेमिस्टर क्रेडिटपर्यंतच केंद्राची मदत मिळते. तुमची आत्ता चारच आहेत, तेव्हा त्याची लगेच चिंता नको. फॉर्मवर सही करण्याआधी तुमच्या कॉलेजच्या ऑफिसात जाऊन समोर बसून विचारा. आणि प्रोफेसरांच्या ऑफिस अवर्सना चाचणीचा पेपर घेऊनच जा. नुसतं 'मला समजत नाही' म्हटलं तर त्या तरी काय सांगणार?

*धागाकर्ती, तीन आठवड्यांनी*

तिघांचेही मनापासून आभार. डब्ल्यू घेतला नाही. एड ऑफिसात गेले होते. नवऱ्याला आकडे दाखवले तेव्हा तोही म्हणाला की सत्र पूर्ण कर. आता मंगळवार-गुरुवारचा स्वयंपाक त्याच्याकडे आहे.

ताई, तुमचं बरोबर होतं, मी ते बटण सर्रास दाबत होते. कागदावर करायला लागले तर पहिल्या आठवड्यात गृहपाठ ९६ वरून ७१ वर आला. दोन दिवस फार वाईट वाटलं. पण कुठे अडतं ते दिसायला लागलं. दर वेळी तेच, कंसाआधी वजा.

गुरुजी, टिंब देतेय. ऑफिस अवर्सना प्रोफेसर बाईंनी विचारलं की ही सवय कुठली, म्हटलं माझ्या रत्नागिरीच्या सरांनी लावली. त्या म्हणाल्या, अजिबात सोडू नकोस. दोन रकान्यांची वही मी आता मुलीबरोबर भरते. तिला मराठी शब्द येत नव्हते, मला इंग्रजी. 'सजातीय पदे' तिला इतकं आवडलं की लाइक टर्म्स म्हणायचंच सोडलंय.

काल दुसऱ्या चाचणीचा निकाल लागला. ७४. एकच उदाहरण कोरं राहिलं.

आता मिश्रणाची शाब्दिक उदाहरणं सुरू झालीत. एक केलंय, गुरुजी, तपासाल का? १० टक्के द्रावण ४० मिली आहे. त्यात २५ टक्के द्रावण किती घातलं तर मिश्रण १५ टक्के होईल?

०.१० · (४०) + ०.२५ · क्ष = ०.१५ · (४० + क्ष)

दोन्ही बाजूंना १०० ने गुणलं: ४०० + २५क्ष = ६०० + १५क्ष

१०क्ष = २००, क्ष = २०

पडताळा: ४ + ५ = ९ आणि ०.१५ · ६० = ९. जुळलं.

*निवृत्त शिक्षक, रत्नागिरी*

ताई, मांडणी स्वच्छ, पडताळा बरोबर. पैकीच्या पैकी दिले असते, पण उत्तराला एकक नाही. २० मिली असं लिहा. पुढे औषध द्यायचंय तुम्हाला.